दगडावर आपटलेला बाण परत मारायचा का? आधी हे तपासा

बाण बट (निशाण लावायचा जाड गठ्ठा) सोडून मागं गेला, कंपाउंडच्या भिंतीवर टण्णकन बसला, तुम्ही चालत जाऊन उचलला, वरनं खाली नजर फिरवली, काय झालेलं दिसत नाही म्हणून परत क्विव्हरमधी (भात्यात) टाकला आणि पुढच्या राउंडला तोच ओढला. नवीन पोरं हमखास असंच करतात. लाकडाच्या बाणालाही हे बरं नाही, पण कार्बनच्या बाबतीत ह्याच्याइतकी धोक्याची सवय दुसरी नाही, कारण कार्बन वाकडा राहत नाही, चेपत नाही, आतून फुटलेला असला तरी बाहेरून नव्यासारखा दिसतो.

नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं तपासणं कंटाळवाणं वाटणार नाही. तुम्ही दोरी सोडता तेव्हा सगळा जोर बाणाच्या शेपटीला मागनं बसतो, पुढचं टोक जड असतं ते जागचं हलायला वेळ लावतं, आणि मधला शाफ्ट (बाणाची काठी) त्या दोघांत दाबला जाऊन वाकतो. हे प्रत्येक बाणाला होतं, चांगल्या बाणालाही. ५०-६० पाउंडाचा कंपाउंड (चाकं आणि केबल लावलेलं धनुष्य) असला तर बाण साधारण सेकंदाला ७५ ते ९० मीटरनं निघतो, म्हणजे किती जोर आहे बघा. शाफ्टला आधीच चीर असली तर ती तिथंच उघडते, बाण अजून धनुष्यातनं बाहेर पण पडलेला नसतो, आणि मागचा तुटलेला अणकुचीदार तुकडा दोरीच्या जोरानं सरळ धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. अंगठ्याच्या बुडाशी नाहीतर मनगटात. नेटवर असल्या हातांचे फोटो आहेत, जेवायच्या आधी बघू नका एवढंच सांगतो.

अजून एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो. आपल्याकडं ऑनलाइन जे स्वस्तातले कार्बन बाण मिळतात ते बरेचदा मुळात परदेशातल्या शिकारीसाठी बनवलेले असतात, शाफ्टवर ३००, ३४०, ४००, ५०० असे आकडे असतात, आकडा जितका लहान तितका शाफ्ट कडक. (२८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मधोमध १.९४ पाउंडाचं वजन टांगलं की शाफ्ट किती वाकतो त्याचा हा आकडा, ५०० म्हणजे अर्धा इंच.) बाण शिकारीचा आहे म्हणून तो घेऊन दाजीपूर-राधानगरीच्या जंगलाकडं फिरायचा विचार डोक्यात पण आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, ससा असो नाहीतर रानडुक्कर, गंमत म्हणून मारला असलं काही कारण चालत नाही. आपण बोलतोय ते मैदानावर बटवर मारायच्या बाणांबद्दल. तपासायची पद्धत मात्र दोन्हीकडं एकच आहे.

आता कामाचं.

आपटलेला बाण उचलला की तो बाकीच्या बाणांत मिसळू द्यायचा नाही. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त चुकणारं काम. एकदा क्विव्हरमधी गेला की बारा बाणांतला कुठला आपटलेला ते देवाला पण सांगता यायचं नाही. खिशात लाल इन्सुलेशन टेपचा तुकडा ठेवा, नॉकच्या (शेपटीला दोरी अडकवायची प्लास्टिकची खाच) जवळ गुंडाळा, आणि बाण वेगळ्या खणात उलटा ठेवा. त्यासाठीच बाणांना नंबर घालायला सांगतात. स्पर्धेत शाफ्टवर नाव किंवा अद्याक्षरं लागतातच, नियमच आहे, मग त्याच्या शेजारी परमनंट मार्करनं एक ते बारा नंबर घालायला काय जातंय.

कशावर आपटला ते पण लक्षात ठेवा. आपल्याकडं कोल्हापूर शहरात नि आसपास भिंती, बांध, गडगे सगळे काळ्या दगडाचे, तो दगड बाणापुढं जराही हलत नाही, सगळा धक्का बाणातच परत येतो. पन्हाळ्याकडं, राधानगरीकडं जांभा आहे, तो मऊ पण खरबरीत, त्यात टोक थोडं घुसतं पण बाजूनं शाफ्ट किसणीवर घासल्यागत ओरबाडतो... म्हणजे समोरनं काळ्या दगडावर बसला तर पुढचं टोक आणि इन्सर्ट (टोकाच्या आतला धातूचा तुकडा, पुढं सांगतो) बघायचं, तिरका जांभ्याला घासून गेला तर शाफ्टची पूर्ण लांबी बघायची. बटच्या लोखंडी अँगलवर बसला तर दोन्ही. आणि दुसऱ्या बाणाच्या शेपटीवर बसला असेल तर मारणारा आणि मार खाणारा असे दोन्ही बाण बाजूला काढायचे, लोक फक्त एकच बघतात.

घरी आलात, किंवा मैदानाच्या कडेला सावलीत बसलात, की आधी बाण ओल्या फडक्यानं पुसून कोरडा करा. चिखल चिरा लपवतो. पण नुसत्या बोटांनी शाफ्टवर वरखाली हात फिरवू नका बाबांनो, कार्बनचा एक तंतू उठलेला असला तरी कातडीत कुसळासारखा शिरतो आणि निघता निघत नाही. हातमोजे घाला, डोळ्याला गॉगल लावा, उद्यमनगरात ग्राइंडिंगवाले वापरतात तो साधा पारदर्शक गॉगल पुष्कळ झाला.

मग कापूस. मेडिकलमधला साधा कापूस घ्यायचा, शाफ्टवर हलका गुंडाळायचा आणि टोकाकडनं नॉककडं, मग नॉककडनं टोकाकडं ओढायचा. शाफ्ट धड असला तर कापूस सुळ्ळकन जातो. कुठं अडकला, कापसाचा एखादा धागा मागं राहिला, की तिथं तंतू उठलाय. तिथं मोबाइलची बॅटरी तिरकी धरून बघा, सरळ वरनं उजेड मारला तर चीर दिसत नाही, बाजूनं मारला की बारीक सावली पडते. वरच्या रंगाचा, छापलेल्या डिझाइनचा नुसता ओरखडा असेल तर नख त्यावरनं घसरतं, नख अडकलं तर तो ओरखडा नाही. अशा बाणाची पुढची तपासणी करायची पण गरज नाही, गेला तो.

कापूस सुरळीत गेला तर आता खरी परीक्षा, वाकवून बघायची. एका हातानं पॉइंटच्या (पुढच्या टोकाच्या) जरा मागं धरा, दुसऱ्या हातानं नॉकच्या जरा पुढं, बाण छातीपासनं लांब, तोंडापासनं लांब, शेजारी कोण उभा असेल तर त्याच्याकडं पण तोंड नको. आणि हळू वाकवा, मध्यभाग एक ते दोन इंच, म्हणजे अडीच ते पाच सेंटिमीटर बाहेर जाईल इतपतच, ताकद दाखवायची नाही. कान तिथंच ठेवा. सोडा, बाण बोटांत थोडा फिरवा, परत वाकवा. असं चार ते सहा वेळा, गोल पूर्ण होईपर्यंत. एकदाच वाकवून ठीक आहे म्हणणारे भरपूर बघितलेत, पण चीर एका बाजूला असते, ती बाजू आतल्या अंगाला आली तर मिटते आणि आवाज करत नाही, बाहेरच्या अंगाला आली की उघडते आणि 'कर्र' किंवा बारीक 'टिक' करते. कधी आवाज येत नाही पण बोटाला कुरकुर जाणवते. मैदानावर पोरांचा गोंधळ असला, शेजारनं मोटारसायकली जात असल्या तर हे तिथं करूच नका, घरी पंखा बंद करून शांत खोलीत करा.

त्यानंतर पिळून बघायचा. दोन्ही टोकं धरून कपडा पिळतो तसं एकदा इकडं एकदा तिकडं, पण हलक्या हातानं. चांगला कार्बन पिळायला अजिबात दाद देत नाही. हाताखाली तो थोडा जरी सैल फिरल्यासारखा वाटला, रबरी वाटला, तर आतले थर सुटलेत. कार्बनचे तंतू बरेचसे लांबीच्या दिशेनं असतात, ओढायला-ढकलायला लोखंडाला ऐकत नाहीत, पण आडवा मार बसला की थरांमधलं रेझिन (तंतू चिकटवून धरणारा पदार्थ) तडकतं आणि थर एकमेकांवर सरकायला लागतात, ते वाकवताना कधी कधी लपतं पण पिळताना लपत नाही. म्हणून दोन्ही करायचं.

आता पुढचं टोक. मला विचाराल तर दगडावर बसलेल्या बाणात सगळ्यात जास्त बिघाड इथंच सापडतो, आणि नवीन लोक इथंच सगळ्यात कमी वेळ देतात. पॉइंट स्क्रूचा असेल तर काढा. त्याच्या आत शाफ्टमधी बसवलेला जो धातूचा तुकडा आहे तो इन्सर्ट. समोरनं धक्का बसला की पॉइंट इन्सर्टला मागं ढकलतो. इन्सर्टला कॉलर असेल तर ती शाफ्टच्या तोंडावर हातोड्यासारखी बसते आणि तोंड फुलतं किंवा चिरतं, कॉलर नसेल तर इन्सर्ट डिंक तोडून आत सरकतो. तोंडाची कडा भिंगातनं बघा, भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा, आजकाल तो भिंगापेक्षा भारी आहे. कडेवर केसाएवढी उभी रेघ दिसली तरी बाण बाद. मग दोन बोटांत शाफ्टचं तोंड चिमटीत धरून हलकं दाबा, फिरवून परत दाबा, तोंड लवलं किंवा टिकटिक झालं तर बाद.

इन्सर्ट सरकलाय का हे कळायला सोपी युक्ती म्हणजे त्याच सेटमधला न आपटलेला बाण शेजारी उभा करायचा, दोन्हीची नॉकची बाजू सपाट फरशीवर टेकवायची आणि वरची टोकं बघायची. एखाद्या मिलिमीटरचा फरक पण डोळ्याला दिसतो. इन्सर्टच सरकला असेल आणि शाफ्ट बाकी सगळ्या परीक्षांत पास असेल तर इन्सर्ट काढून, आतला जुना डिंक खरवडून, स्पिरिटनं पुसून परत चिकटवता येतो. फक्त कार्बनच्या शाफ्टला थेट गॅसवर धरू नका, उष्णतेनं रेझिन मरतं आणि तुम्हीच स्वतःच्या हातानं बाण खराब केलेला असतो. हॉट मेल्ट (गरम करून लावायचा डिंक) असेल तर टोकाला गरम पाण्यात बुडवून सोडवा, इपॉक्सीनं चिकटवलेला असेल तर तो निघेलच असं नाही, जास्त झटापट करू नका.

सैल इन्सर्ट ओळखायचा अजून एक प्रकार आहे, पॉइंट घट्ट बसवून बाणाची शेपटी दोन बोटांत सैल लटकवायची आणि शाफ्टवर नखानं टिचकी मारायची. माठ घेताना आपण टिचकी मारून ऐकतो ना, तेच. धड बाण छोटा स्वच्छ आवाज देतो, सैल भाग असला तर मागनं बारीक झणझण येते. झणझण आली म्हणजे शाफ्ट फुटलाच असं नाही, सैल नॉक पण झणझणतो, पण शोधल्याशिवाय तो बाण मारायचा नाही.

नॉक. किरकोळ वस्तू म्हणून दुर्लक्ष होतं, पण नॉकचा एक कान उडालेला असताना दोरी सोडली तर बाण दोरीवरनं सटकतो आणि धनुष्य रिकामं सुटल्यासारखं होतं, मग लिंब (धनुष्याच्या लवणाऱ्या पट्ट्या), कॅम (त्यांच्या टोकाची चाकं), केबल, काय जाईल सांगता येत नाही, खर्च हजारात. मागनं दुसरा बाण बसला असेल तर नॉक न बघता बदला, त्यात विचार नाही. बाकी वेळी नॉक बाहेर काढून कानांच्या बुडात पांढुरकी रेघ आहे का बघा, प्लास्टिक ताणलं गेलं की तिथं पांढरं पडतं. नॉक निघालाच आहे तर शाफ्टच्या मागच्या तोंडाची पण तीच चिमटी-परीक्षा करून घ्या.

आता फिरवून बघायचं. बाण गोल फिरवायचं स्पिनर मिळतं, नसेल तर टेबलवर काच ठेवून त्यावर पॉइंट टेकवून बोटांनी गिरकी द्या, थरथर हाताला लगेच कळते. आणि कोल्हापुरात राहून ज्याचा उद्यमनगरात किंवा शिरोलीत एकही ओळखीचा टर्नर नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही, त्याच्याकडं व्ही-ब्लॉक आणि डायल गेज (बाक मोजायचं यंत्र) असतंच, चहा सांगा आणि बाण दोन ब्लॉकवर ठेवून मधोमध डायल लावायला सांगा. बाणांच्या खोक्यावर ०.००३, ०.००६ असं लिहिलेलं असतं ते इंचातलं, म्हणजे त्याच्या भाषेत तीन थाऊ, सहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्याला बाणातलं काही कळत नसलं तरी हे एका मिनिटात कळतं. पण एक लक्षात ठेवा, कार्बनचा फुटका शाफ्ट पण डायलवर सरळ दाखवू शकतो. डायल पास झाला म्हणून वाकवायची परीक्षा सोडायची नाही. बाण थरथरला तर आधी पॉइंट बदलून बघा, बरेचदा दोष वाकड्या पॉइंटचा असतो, शाफ्टचा नाही.

पॉइंटचं टोक बोथट झालं असेल तर कानशीनं गोल करून घ्या, किंचित वजन कमी होतं, १०० ग्रेनचा पॉइंट म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास, त्यात थोडं घासल्यानं सुरुवातीला तरी तुमच्या नेमबाजीत फरक पडणार नाही. गळ्याशी वाकला असेल तर टाकून द्या, ठोकून सरळ करत बसू नका.

पिसांचं थोडक्यात सांगतो, व्हेन (प्लास्टिकचं पीस) फाटली तर बदला, पुढच्या टोकाला चिकटवलेली जागा उचकटली असेल तर लगेच बदला, सुटताना हाताला कापते.

ॲल्युमिनियमचे बाण वापरत असाल तर गोष्ट जरा सुखाची आहे, कारण ॲल्युमिनियम खोटं बोलत नाही. वाकला तर वाकलेला दिसतो, चेपला तर पोचा दिसतो. त्यावर चार आकडे असतात, उदाहरणार्थ १८१६, म्हणजे जाडी एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले १८, आणि पत्रा सोळा थाऊ, म्हणजे ०.४ मिलिमीटर. एवढा पातळ पत्रा दगडापुढं काय टिकणार. थोडा बाक असेल तर सरळ करता येतो, तसं यंत्र मिळतं, पण पोचा पडलेला, चिमटलेला किंवा एकदा सरळ करून परत त्याच जागी वाकलेला शाफ्ट परत वापरू नका. आतून ॲल्युमिनियम आणि बाहेरून कार्बन असे जे महागडे बाण असतात त्यांना मात्र दोन्ही रोग होतात, त्यांना कार्बनची पण परीक्षा द्यायची आणि फिरवायची पण, आणि ते वाकले तर सरळ करायच्या भानगडीत पडायचं नाही.

इंडियन राउंडवाल्या पोरांनी, म्हणजे बांबूच्या धनुष्यावर ३० आणि ५० मीटर मारणाऱ्यांनी, पॉइंटच्या मागची दोन-तीन बोटं जागा बघायची. लाकूड असो की बांबू, दगडावर बसला की तिथंच दबतो आणि उभा तडकतो. बांबूचं पेर असेल तिथं नखानं दाबून बघा, साल सुटल्यासारखी वाटली तर संपलं. लाकडाची रेषा शाफ्टच्या बाजूनं तिरकी बाहेर पडत असेल तर तडा त्याच तिरक्या रेषेनं जातो आणि तुटताना भाल्यासारखं टोक करतो, असला बाण आपटला नसला तरी मी वापरणार नाही.

पावसाळ्यात अजून एक भर पडते. जून ते सप्टेंबर आपल्याकडं गवत गुडघ्याएवढं, हुकलेला बाण गवताखाली सपाट सरकत जातो आणि सापडत नाही, शेजारी ऊस असेल तर तोडणीपर्यंत विसरा. असा आठ-पंधरा दिवसांनी सापडलेला बाण आपटलेलाच समजा. गवताखाली तो कशावर थांबला ते आपल्याला माहिती नसतं. लाकडाचा असेल तर आधी सावलीत वाळू द्या, ओला असताना चिरा फुगून मिटलेल्या असतात.

बटच्या लाकडी चौकटीत रुतलेला बाण काढताना हलवून-डुलवून काढणारे लोक दगडापेक्षा जास्त बाण मोडतात. दुसऱ्या हातानं बट दाबून धरायची, बाण चौकटीच्या अगदी जवळ धरायचा आणि सरळ रेषेत ओढायचा, रबरचा पुलर असला तर उत्तम, नाहीतर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा. मागं कोण उभं नाही ना ते बघून, नॉक नेमका डोळ्याच्या उंचीला येतो.

परदेशात, जिथं शिकार कायदेशीर आहे तिथं, आपले कोण नातेवाईक ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं टोक) लावून बाण मारत असतील तर त्यांना दोन गोष्टी सांगा. पात्यांचा बाण दगडावर बसला की पाती बदलायचीच, आणि नवीन पाती लावून बाण गिरकी देऊन बघायचा, कारण पाती नवी असली तरी मधला दांडा वाकलेला राहतो. आणि बाण जनावराच्या आत तुटला तर कार्बनचे तुकडे मांसात राहतात, जखमेभोवतीचं मांस काढून टाकावं लागतं, ते खायचं नाही.

सगळ्यात पास झालेला बाण सेटमधी परत घेतला तरी टेप लगेच काढू नका. तीसेक मीटरवर बाकीच्यांसोबत मारा, त्या नंबरचा बाण कुठं बसतोय ते लिहून ठेवा. बाकी सगळे एका जागी आणि हा एकटाच दरवेळी उजवीकडं खाली जात असेल तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, चूक तुमच्या रिलीजची (दोरी सोडण्याची) नाही.

आणि नापास झालेला बाण? पॉइंट काढून घ्या, चांगला नॉक काढून घ्या, इन्सर्ट निघाला तर काढा. मग शाफ्ट मधोमध फडक्यात गुंडाळून मोडा, गॉगल लावूनच, दोन्ही तुटक्या टोकांवर टेप मारा आणि कचऱ्यात टाका. न मोडता कोपऱ्यात ठेवला तर कोणतरी लहान पोरगं बाण कमी पडले म्हणून उचलतंय आणि मारतंय, असं होतं. तुकडे मैदानावर पण सोडू नका, म्हशी चरतात तिथं.

एवढं करूनही कधी कार्बन हातात घुसलाच, खोल असला, तर ओढून काढायचा प्रयत्न करू नका. आहे तसा फडक्यानं आधार देऊन दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना तोंडानं सांगा की हा कार्बन फायबर आहे, कारण काच किंवा लोखंड जसं एक्सरेत दिसतं तसा हा नीट दिसत नाही, आणि बारीक तंतू आत राहिले तर जखम चिघळते. तुटलेला बाण बरोबर घेऊन जा, किती तुकडा कमी आहे ते त्यांना जुळवून बघता येतं.